कोरडी गोदी

पाळीच्या तारखेला पाळी नाही, सुई.
अठ्ठावीस दिवसांचा हिशेब तोच,
येणारी पाहुणी तेवढी बदलली.

लिसम्मा सिस्टर पोटाची कातडी चिमटीत धरते,
"थोडा जलेगा," म्हणते,
आणि तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी
आत सोडून देते.
दाण्याला काम दिलंय :
मेंदूला गप्प कर, तो अंडाशयांना गप्प करेल.
घरात एकानं अबोला धरावा
आणि हळूहळू भांडीही वाजेनाशी व्हावीत, तसं.

डॉक्टर बद्रिया कागदावर पेरू काढतात,
मग गिरवत गिरवत त्याचा भोपळा करतात.
अस्तर भिंतीत शिरलंय, त्या इंग्रजीत सांगतात.
मी मनात मराठी करते :
भिंतीला लोणा लागलाय.
पालशेतच्या आमच्या न्हाणीघराला लागायचा,
वरून चुना मारला की दोन महिने पांढरं,
मग फुगे, मग पापुद्रे.
दोनदा आम्ही घाईनं
त्या चुन्यावरच खिळा ठोकला.
धरला नाही.

हेरंब हिद्दच्या गोदीत रंगाचा इन्स्पेक्टर.
त्याला माझ्याआधी समजलं.
"ओलसर पत्र्यावर रंग मारला की सोलून येतो.
थांबावंच लागतं."
खिशातला मीटर काढून दाखवतो :
दव जिथं धरतं त्याच्या तीन अंश वर
पत्रा हवा,
नाहीतर ओल दिसत नाही आणि असते.
मी म्हटलं, मी पत्रा नाही.
तो म्हणाला, माहीत आहे.
मग बराच वेळ भांडी घासत राहिला,
घासलेलीच.

मुहर्रकचा ऑगस्ट.
खिडकीच्या काचेला बाहेरून घाम,
आत मला.
रात्री तीनला छातीतून जाळ उठतो,
मानेवरून कानांत शिरतो,
एसी सोळावर, आणि मी फ्रीज उघडून उभी
कोथिंबिरीच्या जुडीसमोर,
चौतीस वर्षांची म्हातारी.

आईला काही सांगितलेलं नाही.
बाबा ओटीवर असले की ती फोनवर कुजबुजते,
"अगं, मध्येच कानशिलं तापतात. मग थंडी.
मग उगाच रडू.
तुला नाही कळायचं, तुझं वय व्हायचंय."
"हो ना," मी म्हणते,
आणि कपाळ पुसते.
"गुलकंद खाते मी. थोडा उतार पडतो."
दुसऱ्या दिवशी मनामाच्या बाजारातून
मी बाटली आणते. दीड दिनार.
तिची जातेय कायमची, माझी तीन महिने रजेवर.
एकाच जिन्यात भेटलोय आम्ही,
आणि तिला माहीत नाही.

दवाखान्याच्या खालच्या मजल्यावर
उणे एकशे शहाण्णवात आमचे दोघं.
पाच दिवसांचे.
दोन वर्षं झाली, पाच दिवसांचेच.
नळीवर माझा नंबर.
एकदा घराचं भाडं थकलं होतं,
टाकीचं नाही.

काल गोदीत पाणी सोडणार होते.
हेरंबनं गाडी कुंपणाबाहेर लावली.
महिनाभर ठोकळ्यांवर बसलेलं जहाज,
तळाची कालवं खरवडून, नवा लाल रंग मारून.
झडपा उघडल्या.
पाणी इतकं सावकाश चढत होतं
की काहीच होत नव्हतं.
"सुटतं कधी?"
"ते दिसत नाही," तो म्हणाला.
"आपण बघतच असतो,
मग लक्षात येतं, मघाशीच."

कितीतरी वेळ बसलो.
अजून बसलेलंच होतं ते, की नव्हतं,
मला सांगता येईना.
मध्येच जाळ आला. त्यानं न विचारता
एसीची जाळी माझ्याकडे वळवली.

पुढची सुई बावीसला. शेवटची.
आईला फोन करायचा राहिला.